बांधावरचा कोयता

या दसऱ्याला आमच्या विहिरीवर तेलाचं इंजिन बसलं. आता सकाळी रहाटाची करकर ऐकू येत नाही, धडधड ऐकू येते. इंजिनवाला म्हणतो, रेड्याला भारा भारा चारा लागतो, याला घोटभर तेल. खरं आहे. पण रेडा दमला की थांबायचा आणि त्याच्या निमित्तानं आपणही थांबायचो. हे मेलं थांबतच नाही. रहाटाचं दात्यांचं मोठं लाकडी चाक अजून विहिरीच्या काठावर तसंच उभं आहे. "उतरवू या, न्हाणीच्या चुलीला वर्षभर पुरेल," असं घरात रोज कुणीतरी म्हणायचं, आणि आजपर्यंत कुणी त्याला हात लावला नव्हता.

अंगणात सुकेळ्यांचा मांडव घातलाय. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात पसरायची, संध्याकाळी गोळा करून केळीच्या पानांत गुंडाळायची आणि सकाळी पुन्हा पसरायची. असं करत करत ती तपकिरी होतात, आखडतात आणि अंगणभर मधासारखा वास सुटतो. गांधीलमाश्या घोंगावत असतात. मुंबईची माणसं सुकेळी खातात आणि म्हणतात, काय गोड! गोड असतातच. पण त्यांच्या आधी कोयता असतो हे खाणाऱ्याला दिसत नाही.

पाऊस सरल्यापासून दिवाळीपर्यंत आमच्या निर्मळच्या वाड्यांतून एकच आवाज येत राहतो. खच्च. एका घावात खोड वाकतं, दुसऱ्या घावात घड हातात येतो, आणि कापल्या जागेतून पाणी गळत राहतं. चीक कपड्यावर पडला की काळा डाग, तो कपडा फाटेपर्यंत जात नाही. बाहेरचा माणूस म्हणतो, केवढी शांत वाडी! मला त्या शांततेत फक्त घाव ऐकू येतात. खच्च झालं की माझा हात आपोआप गळ्याकडे जातो. दहाएक वर्षं होत आली, तरी जातो.

माझं माहेर चांदीपचं. वडील तिकडच्या शाळेत मास्तर. आमच्या घरात धारेच्या वस्तू दोनच, स्वयंपाकघरातली विळी आणि वडिलांचा पेन्सिलीला टोक काढायचा चाकू. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आगेमागेच माझं लग्न होऊन मी निर्मळला आले, तेव्हा मला पहिली धडकी भरली ती सासूची नाही, पुरुषांच्या कमरांची. इथल्या प्रत्येक बागायतदाराच्या कमरेला, मागच्या बाजूला, दोरीनं बांधलेली लाकडाची आकडी आणि आकडीत अडकवलेला कोयता. नव्या नवरीला पुरुषांकडे समोरून बघायची चोरी, म्हणून मी माणसं पाठमोरी बघायची, आणि पाठीवर हे असं!

सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात माझी शिकवणी घेतली. चांदीपच्या पोरींत वाढल्यामुळे मी 'पानी' म्हणायची, ते त्यांनी आधी सुधारलं. "पानी नाय गो मास्तरणी, पाणी!" मग मला ओटीच्या पायरीपाशी नेलं. तिथं पहिल्या खांबाला, बाहेरच्या अंगाला, एक जाड खुंटी ठोकलेली होती.

"ही बघून ठेव," त्या म्हणाल्या. "आलेला माणूस आधी हिच्याकडं वळतो का बघायचं. कोयता खुंटीला लावला, तर पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर ये. नाय लावला, तर आत जा आणि दार लोट."

नियम एवढाच नव्हता. खुंटीला लावताना पातं भिंतीकडे करायचं. कोयता कुणाच्या हातात द्यायचा नाही, जमिनीवर ठेवायचा, घेणाऱ्यानं तिथून उचलायचा. दुसऱ्याच्या वाडीत जाताना कोयता बांधावर ठेवायचा. आमच्या आणि शेजारच्या वाडीमधल्या बांधावर त्यासाठी तोडल्या माडाचा एक बुडखा होता, त्याच्यात पातं रोवायचं आणि मोकळ्या हातानं पलीकडे जायचं. ज्याची वाडी त्याच्या घरच्या कुणी "घेऊन या" म्हटलं, तरच पात्यासकट बांध ओलांडायचा.

मला तेव्हा हसू आलं होतं. वडिलांच्या नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत होती, कोर्ट होतं, फौजदार होता. खुंटी कुठंच नव्हती. पण निर्मळला फौजदार वर्षातून एकदा दिसायचा आणि खुंटी रोज. ज्या गावात प्रत्येकाच्या पाठीला पातं लटकतंय, तिथं माणसं एकमेकांच्या ओटीवर बसून पान खातात, हे काही कायद्याच्या भीतीनं होत नसतं. हे मला उशिरा कळलं, आणि ज्या तऱ्हेनं कळलं त्या तऱ्हेनं कुणालाच कळू नये.

बांधापलीकडची वाडी बस्त्यावदादांची. ते ख्रिस्ती, आम्ही हिंदू, पण विहीर एक, बांधाच्या आमच्या बाजूला, आणि रहाटही एक. सकाळचं पाणी आमचं, दुपारचं त्यांचं. रेडा ज्याचा त्याचा. बस्त्यावदादा म्हणजे उंच माणूस, मान थोडी पुढे काढून चालणारा, बोलायला कंजूस. आमच्याकडे आले की खुंटीशी थांबायचे, कोयता काढायचे, पातं भिंतीकडे करून लावायचे आणि मग दोन्ही तळहात कमरेच्या पंच्याला पुसायचे. ते पुसणं नियमात नव्हतं, ते त्यांचं स्वतःचं होतं. मी आतून बघायची आणि मला उगाच बरं वाटायचं.

त्यांची बायको मोनी माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी आणि माझ्या दसपट मोठ्यानं हसणारी. सकाळी तिच्या चुलीतला विस्तव आमच्याकडे यायचा, नाहीतर आमचा तिच्याकडे जायचा. दोन्ही घरांत काड्यापेटी असूनसुद्धा. संध्याकाळी देवळाची म्हणजे त्यांच्या चर्चची घंटा झाली की तिची पोरं घरातल्या मोठ्यांकडे बेसाव मागायची, म्हणजे हात जोडून आशीर्वाद मागायचा. आपल्या घरचं झालं की ती पोरं तशीच बांधावरून आमच्याकडे यायची आणि सासूबाईंपुढं हात जोडून उभी राहायची. सासूबाई जपमाळ खाली ठेवून त्यांच्या डोक्यावर हात ठेवायच्या. "सुखी राहा रे. नाक पूस आधी."

असं सगळं होतं. मग तो हंगाम आला.

त्या वर्षी पाऊस वेळेत उघडला आणि राजेळीला घड असे लागले होते की खोडांना टेकू द्यावे लागले. नवरात्र बसायच्या आधी एका सकाळी देवळाकडच्या आळीतून बातमी आली की कुणीतरी रात्री कुणाची तरी केळ कापली. घड चोरले नव्हते. नुसती उभी झाडं कापून टाकली होती. मुंबईच्या माणसाला यात फार काही वाटणार नाही. पण इकडे उभी केळ कापणं हे बापाला शिवी देण्यापेक्षा वाईट. शिवी देणाऱ्याचं तोंड तरी दिसतं. पुढच्या आठवड्यात दुसरी वाडी गेली. बाजारात दोघांची बाचाबाची होऊन एकाचा कान कापला गेला. एका घरामागची पेंढ्याची उडवी पेटली. आणि मग एका सकाळी वसंत आमच्या वाडीतून घरी आला तो धावत नाही, एकेक पाऊल टाकत.

वसंत माझा धाकटा दीर. आमचे हे भाजीच्या व्यापारापायी आठवड्यातले निम्मे दिवस मुंबईला, त्यामुळे वाडी खरी वसंतची. त्यानं लावलेली, त्यानं पाजलेली. मी आणि सासूबाई त्याच्यामागं गेलो तर राजेळीची सगळी रांग आडवी झाली होती. केळफुलं चिखलात तुडवलेली, कच्च्या घडांवर मुद्दाम घाव घातलेले. कापल्या खोडांतून अजून पाणी झिरपत होतं, आणि पायाला ते कोमट लागलं. 

वसंत आधी रडला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे सगळ्यांच्या लक्षात त्याची शपथ तेवढी राहिली. मोठा बाप्या माणूस एका पडलेल्या खोडाला धरून हुंदके देत होता. मग तो उठला, ओटीवर आला, आकडीतला कोयता काढला आणि खुंटीच्या वर, त्याच खांबात, सगळ्या ताकदीनं मारला. पातं अर्धं आत गेलं.

"ज्या हातानं माजी केळ कापली," तो ओरडला, "तो हात मनगटापासून तोडीन. निर्मळच्या देवाची आण हाय!"

आळीतले लोक जमले होते. बांधापलीकडं बस्त्यावदादा उभे होते, त्यांनीही ऐकलं. वसंतनं त्यांच्याकडं बघितलं आणि नजर तिथंच ठेवली.

कारण फुटकळ होतं. पंधरवड्यापूर्वी वसंतनं आपला रेडा दुपार झाली तरी सोडला नव्हता, बस्त्यावदादांच्या पाळीतलं पाणी घेतलं होतं. तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "पाण्यावाचून केळ उभी राहत नाय वसंता. माजी पण नाय, तुजी पण नाय." पंधरवडाभर हे वाक्य एका शेजाऱ्याची कुरकुर म्हणून पडून होतं. त्या सकाळी ती धमकी झाली. बोलणाऱ्यानं एक अक्षर बदललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बस्त्यावदादा आमच्याकडं आले. समाचाराला आले असणार. केळ गेली तरी इकडे माणसं समाचाराला येतात. सवयीनं खुंटीशी थांबले. कोयता आकडीतून काढला. पण खुंटीच्या बरोबर वर वसंतचं पातं खांबात रुतलेलं होतं. त्याच्याखाली आपला कोयता लावायचा म्हणजे त्या शपथेखाली मान द्यायची, "होय, मीच" म्हणायचं. ते तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग कोयता पुन्हा आकडीत घातला आणि मागं फिरले.

सासूबाई आतून बघत होत्या. "नाय लावला," त्या म्हणाल्या, आणि दार लोटलं. झालं, पुरावा मिळाला.

मला आजही त्या दाराचा राग येतो. खुंटी अडवून ठेवली आम्ही, आणि कोयता लावला नाही म्हणून दोषी ठरले ते. पण तेव्हा बोलायची माझी प्राज्ञा नव्हती, आणि बोलले असते तरी मास्तरणीचं कोण ऐकतो?

नंतर जे जे तुटत गेलं ते सगळं लहान लहान होतं. विस्तव येईनासा झाला. काड्यापेट्या संपू लागल्या. संध्याकाळची घंटा झाली की सासूबाई जपमाळ खाली ठेवायच्या, बांधाकडं बघायच्या आणि पुन्हा उचलायच्या. पोरं येत नव्हती. वाटेत गाठ पडली की आधी "कय, बरा हाय ना?" असायचं, आता नुसतं खाकरणं. माणसं ओटीवर बसली तरी आकडीतला कोयता काढेनात, त्यामुळे भिंतीला टेकता येईना, सगळी ताठ बसायची. आळीतल्या खुंट्या रिकाम्या पडल्या. रात्री बांधाच्या दोन्ही बाजूंनी पाती घासल्याचा आवाज यायचा, इकडे थांबला की तिकडे सुरू व्हायचा.

बस्त्यावदादांचा कुत्रा मात्र पहिल्यासारखाच बांध ओलांडून आमच्या उकिरड्यावर यायचा. कुत्र्याला कुठला बांध कळतो? वसंतनं खांबातला कोयता उपसून त्याला एका घावात मारला आणि शेपटीला धरून बांधावर नेऊन टाकला. मोनीनं तो उचलून नेला, काही बोलली नाही. तिला हसताना ऐकायची सवय असलेल्या माणसाला तिचं ते न बोलणं ऐकवत नव्हतं. मी स्वयंपाकघरात बसून रडले आणि सासूबाईंनी मला कांदा चिरायला दिला, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला.

आता बस्त्यावदादांचा हात वाचतो की जातो, एवढाच प्रश्न उरला होता. सगळ्या आळीला हे माहीत होतं. वसंत शपथ मोडणारा नव्हता आणि ते वाडी सोडून पळणारे नव्हते. लोक वाट बघत होते, तमाशाच्या आधी कनातीबाहेर बघतात तशी. आम्हा दोन्ही घरांतल्या बायकांना पाणी पितानासुद्धा पुरुषांच्या पाठीकडं बघायची सवय लागली.

दिवाळी तोंडावर आली होती. कापल्या केळींतून जे चार घड वाचले त्यांची सुकेळी मांडवावर होती. त्या सकाळी वसंत वाडीच्या टोकाला पाण्याचे पाट वळवत होता आणि रहाटावर रेडा हाकायला मी होते. रेड्याच्या डोळ्यांना झापडं. रहाटाच्या माळेतलं एक मडकं तिरकं होऊन पाणी सांडत होतं, ते बघायला मी दात्यांच्या चाकापाशी वाकले. तेवढ्यात मागच्या वाटेवर पोरांनी फटाक्यांची माळ लावली. रेडा उधळला.

कमरेला खोचलेला पदर कधी सुटला मला कळलं नाही. दात्यांत त्याचं टोक गेलं आणि चाकानं मला ओढलं. मी एकदाच ओरडले. मग पदराचा वेढा गळ्याला बसला आणि आवाज बंद झाला.

बस्त्यावदादा त्यांच्या वाडीत घड कापत होते. मान खाली ओढली गेल्यामुळे मला सगळं उलटं दिसत होतं, पण दिसत होतं. ते कोयता हातात घेऊन धावत आले. बांधापाशी आले. आणि थांबले. बुडख्यात कोयता रोवला. खच्च. मग बांध ओलांडून मोकळ्या हातानं माझ्याकडं धावले.

माझ्याजवळ पोचल्यावर त्यांनी पदर धरून ओढून बघितला. लुगडं नवं होतं, फाटेना. तेव्हा त्यांचा उजवा हात पाठीमागं गेला, आकडीकडं. रिकाम्या आकडीवर बोटं मिटली. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुःख नव्हतं, भीतीही नव्हती. बाजारात पिशवी विसरलेल्या माणसाचा चेहरा होतो ना, तसा. मग तोच हात त्यांनी दात्यांत घातला.

हाड आणि लाकूड यांचा आवाज मी लिहिणार नाही. चाक अडलं. रेडा ताणत होता आणि चाक हलत नव्हतं.

वसंत आला तो कोयता उगारूनच. त्याला काय दिसलं असेल? बस्त्याव त्याच्या वाडीत, त्याच्या भावजयीला मिठी घालून. मला ओरडता येत नव्हतं. बस्त्यावदादांनी मान वळवून वर बघितलं आणि मान खाली केली नाही. कोयता वर थांबला. किती वेळ थांबला ते मला सांगता येणार नाही. मग तो खाली आला आणि माझा पदर कापला गेला. ते पातं आधी कुणासाठी उचललं होतं हे मी वसंतला कधी विचारलं नाही, विचारणारही नाही.

"रेड्याला मागं घे," बस्त्यावदादा म्हणाले. एवढंच. ओरडलेसुद्धा नाहीत.

दवाखान्यातून ते परत आले तेव्हा उजव्या हाताचा अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती.

आता खरं तर सगळं निवळायला हवं होतं. गोष्टीत निवळतं. पण सासूबाईंनी मी वाचले म्हणून देवाला नारळ फोडला आणि देवळाच्या पायरीवरच्या बायकांनी त्याचा दुसराच अर्थ लावला. वसंतनं देवाची आण घेतली, देवानं हात घेतला, आणि बघा, घरच्यांनी नवस फेडला! म्हणजे केळ त्यानंच कापली होती. देवाचा निकाल हो, चुकतो का कधी? चार दिवसांत ही गोष्ट पक्की झाली. वाईट म्हणजे चर्चच्या पायरीवरसुद्धा झाली. त्यांचीच माणसं त्यांच्या पांढऱ्या पट्टीकडं बघून एकमेकांना कोपर मारायची. हात गेला तो गेला, आता त्या थोट्या हाताचीच साक्ष काढत होते. कोयत्याचा घाव एकदाच बसतो. हा रोज बसत होता.

एका सकाळी मोनी बांधावर येऊन उभी राहिली. ओलांडला नाही तिनं बांध. पलीकडून ओरडली.

"बाय गो! तुजा गळा वाचला, देवाची किरपा. माज्या घरचा हात गेला, ते पण सोसलं. पण चोर कोण? तोच? कोयता तुमच्या बुडख्यावर ठेवून आला माजा नवरा, तुमचा मान राखला, म्हणून हात गेला त्याचा! कोयता आणला असता तर पदर कापला असता, हात कशाला घातला असता? सांग ना गो तुज्या दिराला!"

मला सांगावं लागलं नाही. वसंत ओटीवरच बसला होता. तो उठून बांधावर गेला. मोनी मागं सरली, पण त्यानं तिच्याकडं बघितलंही नाही. तो बुडख्याशी वाकला. बस्त्यावदादांचा कोयता त्या दिवसापासून तिथंच होता, कुणाला काढायचं सुचलं नव्हतं. दंवानं गंजाचे ठिपके आले होते. वसंत त्याच्याकडं बघत बसला. मला वाटतं, त्या क्षणापर्यंत त्याला हे माहीतच नव्हतं. त्यानं जेवण टाकलं.

रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना, सुटून माणसं परत येत होती, लाल लुगड्यांची रांगच रांग. आमच्या आळीतलेही उन्हाला उभे होते. वसंत कोयता कमरेला लावून निघाला तेव्हा सासूबाईंनी त्याचा सदरा धरला. "नको रे बाबा, आणखी नको." त्यानं हात सोडवला. वाट थांबली. सगळ्यांना वाटलं, आता उरलेलाही हात जातो. मी त्याच्यामागं धावले, चप्पल न घालता.

बस्त्यावदादांच्या ओटीपाशी वसंत थांबला. आकडीतून कोयता काढला. त्यांच्या खुंटीला लावला, पातं भिंतीकडं करून. आणि ओटीवर न चढता, पाणी न मागता, तसाच मागं फिरला. असं कुणी कधी केलं नव्हतं. जाताना कोयता न्यायचा असतो. आमच्या सगळ्या नियमांत, आपला कोयता दुसऱ्याच्या खुंटीला सोडून जाणं याला नावच नव्हतं.

बस्त्यावदादा बाहेर आले. "वसंता, कोयता रायला तुजा."

"ठावं हाय," वसंत म्हणाला. वळला नाही.

त्यांनी डाव्या हातानं तो कोयता खुंटीवरून काढला. अंगणात नि:शस्त्र वसंत पाठमोरा उभा, आणि मागं हा माणूस, हातात वसंतचंच पातं.  मोनीनं तोंडाला पदर लावला. बस्त्यावदादांनी तो कोयता उलटासुलटा करून बघितला, धार बघितली, आणि पुन्हा खुंटीला लावला, पातं भिंतीकडं. मग त्यांनी तळहात पंच्याला पुसला. एकच.

"राऊ दे तर," ते म्हणाले. "पाय धुव. मोनी, चाय टाक."

वसंत ओटीवर बसला आणि केळ पडली त्या दिवशी रडला होता त्याहून मोठ्यानं रडला. लोक हळूहळू आपापल्या घरी गेले. त्यानंतर आठवडाभरात ती देवाच्या निकालाची गोष्ट आळीतून नाहीशी झाली. कुणी खोटी म्हणून सांगितली नाही, कुणी माफी मागितली नाही. येणारा-जाणारा त्या खुंटीवरचा कोयता बघायचा आणि बोलता बोलता गप्प व्हायचा. वसंतनं त्या वर्षी दोन्ही वाड्यांतले उरलेले घड कापले, गंज घासून काढलेल्या बस्त्यावदादांच्या कोयत्यानं. नाताळच्या आधी एका संध्याकाळी घंटा झाली आणि पोरं बांधावरून आली. सासूबाईंच्या हातातून जपमाळ खाली पडली. त्यांनी कुणालाच नाक पुसायला सांगितलं नाही.

आमची केळ कुणी कापली ते आजही ठाऊक नाही. मला पूर्वी वाटायचं, एक दिवस कळेल. आता कळलं नाही तर बरं, असं वाटतं.

वडिलांना मी एकदा हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, खुंट्या आणि बुडखे कसले, माणसानं सरळ बोलावं. बरोबरच आहे त्यांचं. पण ज्यांना सरळ बोलता येत नाही, राग आला की घसा बंद होतो, त्यांनी काय करावं? आमच्या आळीतली निम्मी माणसं अशी आहेत. त्यांचं सगळं बोलणं त्या लाकडाच्या तुकड्यांवर चालतं. एक खुंटी अडली आणि हंगामभर गाव मुकं झालं. मुक्यांच्या हातात मग पातंच उरतं.

आज सकाळी वसंत म्हणाला, "वहिनी, चाक उतरवतो आज. पुरे झालं." त्यानं बांधाकडं तोंड करून हाक मारली. बस्त्यावदादा आले. केस पांढरे झालेत, मान आणखी पुढं आलीय. डाव्या हाताला सोयीची म्हणून आकडी दुसऱ्या अंगाला बांधतात, आणि तिच्यात वसंतचा तोच कोयता. तो परत न्यायला वसंत गेला नाही आणि त्यांनीही दिला नाही. वसंत मात्र त्या दिवसापासून कमरेला आकडी बांधत नाही. त्याचं हत्यार वाडीतल्या खोपीत असतं.

बांधापाशी येऊन ते थांबले. कोयता काढला. बुडखा आता कुजत आलाय, तरी जागा शोधून पातं रोवलं. मग पंच्याला तळहात पुसत अलीकडं आले.

दोघांनी चाकाला हात घातला. पण माळेचे दोर इतक्या वर्षांच्या पाण्यानं फुगून लाकडात रुतले होते, गाठ सुटेना. वसंत नखांनी ओढत होता, बस्त्यावदादा अंगठा आणि करंगळीत दोर धरून ताणत होते. मी बघत होते आणि माझ्या मस्तकात तिडीक गेली. इतकं होऊनसुद्धा शिकत कसा नाही हा माणूस!

"बस्त्यावदादा," मी म्हटलं, "त्या दिवशी का रोवलात हो तो तिथं? मी मरत होते. तुम्हांला दिसत होतं."

इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदाच विचारलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू देवळात जाताना वहाणा का काढता, असंच मी विचारलं असावं.

"तुमच्या वाडीत येत होतो ना वयनी," ते म्हणाले. मग दोराकडं बघत, "घेऊन ये म्हणून कोण बोललं नव्हतं."

मला रडू आलं. माझा हात गळ्याकडं गेला होता, तो मी खाली घेतला. इंजिन धडधडत होतं, म्हणून मोठ्यानं बोलावं लागलं.

"बस्त्यावदादा, कोयता घेऊन या."

त्यांनी वसंतकडं बघितलं, मग माझ्याकडं. बांधावर गेले, डाव्या हातानं पातं उपसलं, आणि कोयता हातात धरून बांध ओलांडून आमच्या वाडीत आले.